नियामकाचं बिल कोण भरतं?

शेअर घेतले की रात्री ब्रोकरकडून ई-मेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येते. बहुतेक जण ती उघडतही नाहीत. एकदा उघडून बघा. एक लाख रुपयांचे शेअर डिलिव्हरीला घेतले असतील, तर एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) म्हणून शंभर रुपये कापलेले दिसतील. ते सरकारी तिजोरीत जातात. मग ब्रोकरेज, एक्स्चेंजचे चार्जेस, मुद्रांक शुल्क, जीएसटी. आणि या गर्दीत कुठेतरी ‘सेबी टर्नओव्हर फी’, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची फी, अशी एक ओळ असते. तिच्यासमोरचा आकडा असतो दहा पैसे. एक कोटीच्या उलाढालीला दहा रुपये, हा तिचा दर.

सेबीचा पगारपाणी आणि बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) इमारतीचा खर्च असल्या फीमधून, शिवाय ब्रोकर, म्युच्युअल फंड आणि बाजारात उतरणाऱ्या कंपन्यांकडून घेतलेल्या शुल्कातून निघतो. लाखाला दहा पैशांत अख्ख्या बाजारावर पहारा मिळत असेल, तर तो स्वस्तच म्हणायचा. नियामक संस्थांवर टीव्हीवर वाद झडतात तेव्हा ‘एवढी मोठी ऑफिसं पोसायची कशाला’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. पण ऑफिस पोसायचा खर्च हा या सगळ्यातला सर्वांत किरकोळ भाग आहे. खरे पैसे दुसरीकडेच जातात.

आधी नियामक म्हणजे कोण, ते थोडक्यात. कायदा संसद किंवा विधानसभा करते. पण बँकेने किती भांडवल बाळगावं, विजेचं युनिट किती रुपयांना विकावं, बिल्डरने कोणती माहिती वेबसाइटवर टाकावी, असले तपशील सभागृहात ठरवता येत नाहीत. ते काम एका वेगळ्या संस्थेकडे सोपवलं जातं. ती नियम लिहिते, तपासणी करते आणि दंडही ठोकते. मुंबईत अशा संस्थांची कमी नाही. फोर्टात रिझर्व्ह बँक, बीकेसीत सेबी आणि बिल्डरांच्या गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारी महारेरा, कफ परेडला वीज नियामक आयोग. पोलीस, न्यायाधीश आणि कायदा लिहिणारा असे तिघं एकाच छताखाली बसवल्यावर त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न ओघाने येतोच. त्यासाठी वर अपिलाची न्यायाधिकरणं असतात. सेबीच्या आदेशाविरुद्ध ‘सॅट’मध्ये जाता येतं, आणि तेही मुंबईतच आहे.

आता खर्च. पहिला थर ऑफिसचा, तो झाला. दुसरा थर पूर्ततेचा, ज्याला सगळे ‘कंप्लायन्स’च म्हणतात. ब्रोकरने ठेवलेला कंप्लायन्स ऑफिसर, बिल्डरने सीएकडून घ्यायची प्रमाणपत्रं, बँकेने दर थोड्या काळाने मागायची केवायसी, त्यासाठी दादरच्या शाखेत रांगेत उभ्या राहिलेल्या आजींचा अर्धा दिवस. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. कंपनी तो भरते आणि गुपचूप आपल्याच किमतीत मिळवते. गंमत अशी की मोठ्या कंपनीला हा जाच परवडतो. शंभर प्रकल्प करणारा बिल्डर एक वकील आणि दोन सीए ठेवतो. विरारला एकच इमारत बांधणाऱ्याला तेवढीच कागदपत्रं एकाच इमारतीच्या जिवावर करावी लागतात. म्हणून बडे खेळाडू कडक नियमांविरुद्ध नेहमीच ओरडतात असं नाही. लहान स्पर्धक बाहेर राहत असेल, तर त्यांना तो कडकपणा गोडही लागतो.

महारेरा ज्याच्या आधारे चालते त्या रेरा कायद्यात याची जाणीव ठेवलेली दिसते. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची नाही. छोट्याला जाच नको, हा त्यामागचा हिशेब. दुसरी बाजू अशी की त्या आठ घरांतल्या गिऱ्हाइकाला नोंदणीसोबत येणारं संरक्षणही मिळत नाही. मर्यादेची रेघ कुठेही ओढा, तिच्या अलीकडे-पलीकडे कुणावर तरी अन्याय होतोच.

तिसरा थर सर्वांत चकवणारा आहे. नियमामुळे जे घडलंच नाही, त्याचा. मुंबईकराला हे समजावून सांगायला पागडीएवढं (भाड्याचं घर मिळवताना एकरकमी द्यायचे पैसे) चांगलं उदाहरण नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरची घरटंचाई आणि फाळणीनंतर आलेले लोंढे बघता तेव्हा ते चुकीचं होतं, असं मी म्हणणार नाही. गिरगाव, परळ, लालबागच्या लाखो कुटुंबांना डोक्यावर छप्पर राहिलं. फायदा डोळ्यांना दिसत होता, त्याला नाव-गाव होतं, मत होतं. तोटा मात्र बिननावाचा. भाड्याने द्यायला नवीन घर बांधायचं कुणाला सुचेना, कारण भाडं वाढणारच नव्हतं. मालकाने डागडुजी सोडली, कारण महिन्याच्या भाड्यात प्लंबरही येईना. अधिकृत भाडं फुटकळ आणि खरा व्यवहार पागडीत, बहुतेक वेळा रोखीत. चाळी आणि इमारती पडायला लागल्यावर १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि त्यासाठी उपकर बसला. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त इमारती १९ हजारांहून जास्त होत्या. म्हणजे एका नियमाने केलेली पडझड सावरायला दुसरी सरकारी यंत्रणा आली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचं सांगितलं, आणि १९९९ चा नवा कायदा झाला, ज्यात भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं. जी घरं बांधलीच गेली नाहीत, त्यात राहू न शकलेल्या माणसांचा मोर्चा मंत्रालयावर कधी निघाला नाही. ते नालासोपाऱ्याला राहायला गेले आणि सकाळच्या लोकलमध्ये लटकले.

हे ऐकून ‘बघा, नियमनच वाईट’ असं म्हणणारे असतात. त्यांनी थोडं थांबावं, कारण फायद्याची बाजूही अशीच अदृश्य असते. नालेसफाईचं घ्या. पावसाळ्याआधी पालिकेने नाले उपसले आणि हिंदमाताला पाणी तुंबलं नाही, तर कुणी टाळ्या वाजवत नाही. उलट खर्चावर शंका घेतात. चांगल्या नियमनाचंही तसंच. न बुडालेली बँक बातमीत येत नाही.

बुडालेली मात्र येते. भांडुपला मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेवर रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येणार होते. शाखांबाहेर उभी असलेली, पासबुक छातीशी धरलेली म्हातारी माणसं अनेकांना आठवत असतील. नवरात्र तोंडावर होती. बँकेने कर्जवाटपाचा फार मोठा हिस्सा एकाच बिल्डर समूहाला दिला होता आणि तो लपवायला सुमारे २१ हजार बोगस खाती रचली होती. मर्यादा हळूहळू वाढत लाखावर आली, पण बँकेचं युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण व्हायला जानेवारी २०२२ उजाडलं, आणि मोठ्या ठेवीदारांना पूर्ण पैशांसाठी दहा वर्षांपर्यंतचं वेळापत्रक मिळालं.

इथे नियामक होता की नव्हता? होता, किंबहुना दोन होते. सहकारी बँकेच्या कारभारावर सहकार निबंधक, बँकिंगवर रिझर्व्ह बँक. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण सहकारी बँकांच्या ठेवीदाराला चपखल बसते. पीएमसीनंतर तीन गोष्टी बदलल्या. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली. त्याच वर्षी बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. आणि २०२१ च्या दुरुस्तीने, निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद आली. पुढे १३ फेब्रुवारी २०२५ ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, १२२ कोटींच्या अपहाराचं प्रकरण बाहेर आलं. दोन आठवड्यांत २५,००० रुपये काढायची मुभा मिळाली आणि ४ ऑगस्टला ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. पीएमसीला अठ्ठावीस महिने, हिला सहा. सगळं श्रेय नव्या कायद्याला देता येणार नाही, घ्यायला सारस्वतसारखी धडधाकट बँक तयार होती हेही खरं. तरी ठेवीदाराच्या वाचलेल्या बावीस महिन्यांची काहीतरी किंमत धरायलाच हवी.

आणि त्या विम्याची किंमत? बँक तो हप्ता भरते. २०२० मध्ये तो शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १० पैशांवरून १२ पैसे झाला. त्या दराने पाच लाखांच्या ठेवीवर ६०० रुपये. हे बँकेच्या खर्चात जातात, म्हणजे अप्रत्यक्षपणे आपल्या व्याजातून. शिवाय एक न लिहिलेला खर्च आहे. पाच लाख सुरक्षित आहेत म्हटल्यावर ठेवीदार बँकेचा ताळेबंद बघायचं सोडतो आणि पाव-अर्धा टक्का जास्त देणारी कुठलीही बँक गाठतो. संरक्षणाने माणूस बेफिकीर होतो. विमा तरीही हवा, असं माझं मत. गल्लीतल्या पेन्शनरने बँकेचा एनपीए (थकलेली कर्जं) तपासावा ही अपेक्षाच अवास्तव आहे.

हिशेब मांडताना अर्थशास्त्रज्ञ आणखी एका फरकावर बोट ठेवतात, आणि तो समजला की बऱ्याच वादांतली हवा निघून जाते. एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेला पैसा म्हणजे समाजाचं नुकसान नव्हे, ती फक्त अदलाबदल. फ्युचर्स-ऑप्शन्सचं, म्हणजे शेअर किंवा निर्देशांक पुढे कुठे जाईल यावर केलेल्या सौद्यांचं बघा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरनी पैसे घालवले; एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. आकडा ऐकून छाती दडपते. पण यातला मोठा भाग समोरच्या बाजूच्या मोठ्या संस्थांकडे, त्यांच्या संगणकी ट्रेडिंगकडे गेला. एकूण समाजाच्या वहीत तो एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला. खरोखर खर्ची पडले ते ब्रोकरेज आणि इतर आकारांचे सुमारे ५०,००० कोटी, आणि त्यातलाही काही भाग करापोटी सरकारकडे गेला. बाकी उरतो पोरांचा वेळ.

मग सेबीने हात का घालावा? कारण कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात, हेही महत्त्वाचं असतंच. डोंबिवलीच्या पोराने पगारातून आणि वडिलांच्या पीएफमधून घातलेला रुपया आणि जागतिक फंडाने कमावलेला रुपया यांचं वजन सारखं धरायचं का, हे गणित सांगत नाही. ते आपण ठरवायचं. सेबीने ठरवलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम कडक केले. काँट्रॅक्टचा आकार किमान १५ लाखांवर नेला, साप्ताहिक एक्स्पायरी (दर आठवड्याला संपणारे सौदे) प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरती ठेवली. ब्रोकर्सचा धंदा घटणार होता, त्यांनी कुरकूर केली. सज्ञान माणसाला आपले पैसे बुडवायचा हक्क आहे, हा त्यांच्यातला एक युक्तिवाद होता. तो मला पूर्ण फोल वाटत नाही. फक्त तो बुडणाऱ्याच्या तोंडून आला असता, तर जास्त पटला असता.

उलट, ज्यात जवळपास सगळ्यांचाच फायदा झाला असे नियमही आहेत, आणि त्यांची आठवण कुणी काढत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला शेअर म्हणजे कागद होता. ट्रान्सफर फॉर्मवरची सही कंपनीच्या रेकॉर्डशी जुळली नाही की ‘बॅड डिलिव्हरी’ म्हणून कागद परत. पोस्टात गहाळ, बनावट सर्टिफिकेटं, फाटलेले कोपरे, आणि महिनोन्‌महिने आपल्या नावावर न चढलेले शेअर. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा आला, डीमॅट सुरू झालं आणि ही अख्खी कटकटच नाहीशी झाली. सौदापूर्तीचा काळही नियामकाच्या दट्ट्याने कमी होत गेला; जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर सौद्यानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी खात्यात येतात. सुरुवातीला खर्च होता, ब्रोकरांचा विरोध होता. आज कुणी तो कागद परत मागणार नाही.

माणसाच्या जिवाची किंमत कशी धरायची, हा या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न. अमेरिकेतली सरकारी खाती एका टळलेल्या मृत्यूची ठरावीक डॉलर किंमत धरून सुरक्षेचे नियम तपासतात. १९८१ पासून तिथे मोठ्या नियमांना खर्च-लाभाची परीक्षा आहे. ऐकायला ते निर्दयी वाटतं. पण आकडा लिहिला नाही, तरी कुणीतरी मनातल्या मनात तो धरतोच, आणि बहुधा फार कमी धरतो. घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळात होर्डिंग कोसळलं, १७ जण गेले. मुंबईत होर्डिंगची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट. ते होतं १२० बाय १२०. नियम होता, मोजपट्टी होती, परवाना देणारं खातंही होतं. जागा लोहमार्ग पोलिसांची, म्हणून पालिका म्हणाली आमच्या परवानगीविना उभं राहिलं. तर दुसऱ्या बाजूने सांगितलं गेलं की आमच्या जागेत तुमची परवानगी लागतच नाही.

इथे आपण माझ्या मते मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. आपल्याकडे वाद ‘नियम जास्त की कमी’ असा घातला जातो. पण आपला खरा तोटा होतो तो पाळल्या न गेलेल्या नियमात. पाळणारा प्रामाणिक माणूस त्याचा पूर्ण खर्च भरतो, मोडणारा सुटतो आणि फायदा कुणालाच मिळत नाही. खर्च-लाभाच्या कोष्टकात याहून वाईट रकाना नाही.

महारेराचं घ्या, कारण ती संस्था एरवी चांगली चाललेली आहे आणि म्हणूनच तिची अडचण शिकण्यासारखी आहे. मे २०१७ पासून प्रकल्पाची माहिती वेबसाइटवर दिसते, कार्पेट एरियावर विक्री होते, गिऱ्हाइकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, करार न करता १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे सगळं दाराशीच काम करतं, बिल्डर ते टाळू शकत नाही. आता ताबा लांबलेल्या गिऱ्हाइकाकडे बघा. तो ५,००० रुपये भरून तक्रार करतो, तारखा पडतात, आदेश मिळतो: इतक्या तारखेपासून स्टेट बँकेच्या एमसीएलआर (कर्जाचा पायाभूत दर) अधिक दोन टक्के दराने व्याज द्या. बिल्डर देत नाही. मग पुन्हा अर्ज, मग वसुली वॉरंट, आणि ते जातं जिल्हाधिकारी कार्यालयात, कारण ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करायची असते. तिथून तहसीलदाराकडे. त्याच्यापुढे निवडणुकीचं काम, सातबारा, दाखले, पंचनामे. त्यातून वेळ काढून त्याने बिल्डरची मालमत्ता शोधायची, ती आधीच कुणाकडे गहाण आहे का बघायचं, जप्ती आणायची, लिलाव पुकारायचा. अनेक वॉरंटं वर्षानुवर्षं तिथेच पडून आहेत.

कोष्टकात बसवून बघा. नोंदणीचा आणि कागदपत्रांचा खर्च प्रत्येक घराच्या किमतीत आधीच गेलेला आहे. सुनावणीचा झालेला आहे. गिऱ्हाइकाच्या रजा, वकील, सगळं झालेलं आहे. शेवटची दहा टक्के मेहनत, म्हणजे वसुली, तेवढीच राहिली आणि तिच्यावाचून आधीचे नव्वद टक्के पाण्यात. अशा जागी अजून एक नियम काढण्यापेक्षा वसुलीला स्वतंत्र माणसं नेमणं कितीतरी स्वस्त पडेल. पण नवा नियम जाहीर करायला पत्रकार परिषद घेता येते. चार अव्वल कारकून आणि एक निवृत्त तहसीलदार नेमले, याची पत्रकार परिषद कोण घेणार?

नियम करण्याआधीच हा हिशेब व्हावा, ही सूचना आपल्याकडे नवीन नाही. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालच्या वित्तक्षेत्र कायदे सुधारणा आयोगाने २०१३ मध्येच सांगितलं होतं की नियामकाने मसुदा जाहीर करावा, लोकांची मतं घ्यावीत, आणि खर्च-लाभाचं विश्लेषण सोबत जोडावं. पहिली दोन कामं आता बऱ्यापैकी होतात. सेबी सल्लामसलतीचे मसुदे वेबसाइटवर टाकते, वीज आयोग दरवाढीवर जनसुनावणी घेतो. तिसरं अजून अंगवळणी पडलेलं नाही.

आणि त्या सुनावण्यांना येतं कोण? जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये मांडलं की नियामक हळूहळू ज्यांना आवरायचं त्यांच्याच कलाने चालायला लागतो. लाच हवीच असं नाही. ज्यांचं कोट्यवधींचं हित अडकलेलं आहे ते प्रत्येक मसुद्यावर चाळीस पानी हरकत पाठवतात. ज्यांचे महिन्याला वीस-तीस रुपये अडकलेत त्यांना सुट्टी काढून कफ परेड गाठणं परवडत नाही, आणि ते त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. वीज दराच्या सुनावणीत कंपनीचे वकील, सल्लागार, आकडेतज्ज्ञ एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांचे दोन-चार स्वयंसेवक, एखादे निवृत्त इंजिनीअर, हातात स्वतः छापलेलं टिपण. लेखी हरकत मात्र घरबसल्या पाठवता येते, आणि वीज आयोगाच्या दर आदेशात कुणी काय हरकत घेतली, कंपनीने काय उत्तर दिलं आणि आयोगाचं त्यावर म्हणणं काय, हे छापलेलं असतं. पुढच्या दरवाढीच्या वेळी तो भाग उघडून वाचा. त्यात घरगुती ग्राहकांची किती नावं आहेत, ती मोजायला फार वेळ लागत नाही.